सेतुमामांचं शुद्धलेखन

सेतुमामांनी मला 'ळ' काढायला शिकवला तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. बोटात पेन धरून बसलेली, केस पिकायला लागलेली बाई, आणि समोर सत्तरीचे मामा म्हणतायत, "पोट गोल काढ, तुळजा. चेपूं नको त्याला."

आमच्या घरात मराठी तीनशे वर्षं बोलली जाते, पण लिहिता आता कुणालाच येत नव्हती. आई यादी तमिळमध्ये लिहायची, अप्पा पत्रं इंग्रजीत. अप्पा गेल्यावर त्यांच्या पेटीत आजोबांच्या हातची देवनागरी पत्रं निघाली आणि मी व माझा धाकटा भाऊ वासू त्या कागदांकडे परक्यासारखे बघत बसलो. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ती पत्रं वाचू शकेल असा एकच माणूस होता. मी पेटी घेऊन सेतुमामांकडे गेले. त्यांनी पहिलं पत्र वाचून दाखवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "दुसरं तूं वाचायचं. सहा महिने घे."

मला पुरे सहा महिने लागले. हे जे मी आज लिहिते आहे, त्यातलं एकेक अक्षर त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून कमावलेलं आहे. म्हणूनच लिहायला इतका वेळ लागला.

मामा माझे नात्याने कुणी नव्हते. नेसायला पांढरी वेष्टी, वर इस्त्रीचा अर्धा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. जिल्ह्याच्या एका सरकारी कचेरीत ते चौतीस वर्षं स्टेनोग्राफर होते. त्यांचं इंग्रजी सगळ्या गल्लीचा अभिमान होता. कुणाचं पेन्शन अडलं, कुणाच्या रेशनकार्डावर नाव चुकलं, की लोक मामांकडे यायचे. पलीकडच्या मीनाक्षीबाईंचं विधवा पेन्शन दोन वर्षं रखडलं होतं. मामांनी अर्ज लिहून दिला आणि आठवड्यात मंजुरी आली. आम्ही म्हणायचो, काय भाषा आहे मामांची, वाचून साहेब विरघळला असणार.

त्यांची एक खोड होती. कुणीही बोलायला लागलं की मामांचं उजवं बोट मांडीवर फिरायला लागायचं. लग्नात, कीर्तनात, कुणाच्या तेराव्यालासुद्धा. शॉर्टहँड. एकदा मामी म्हणाल्या, "अहो, पुरे करा, ती बिचारी रडतेय आणि तुम्ही तिचं रडणं उतरवतांय." मामा ओशाळून हसले. "हाताला सवय. बसूं दिलं तर विसरेल."

चुकीचं लिहिलेलं त्यांना सहन होत नसे. लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन निघायचं, मग आनंद व्हायचा. एकदा पुण्याहून काही मंडळी राजवाडा बघायला आली होती. त्यातल्या एका गृहस्थाला आमचं 'अम्ही जातों, येतों' ऐकून हसू आवरेना. "जुन्या कागदपत्रांतून चालत आल्यासारखे बोलता हो तुम्ही!" मामांनी त्यांना घरी नेलं, पितळी डबऱ्यात कापी, म्हणजे कॉफी, दिली आणि निघताना त्यांच्या हातातला सहलीचा छापील कागद मागून घेतला. अकरा चुका लाल करून परत दिला. "तुमची मराठी घाईत असते," एवढंच म्हणाले.

मला हा माणूस फार आवडायचा. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे ते सांगायची संधी मिळणार नाही.

अक्षरं आल्यावर मामांनी मला गृहपाठ द्यायला सुरुवात केली. दर बुधवारी वही द्यायची, दर शुक्रवारी तपासून परत. विषय कायम एकच: आठवड्यात घरी काय घडलं. "कल्पनेंतलं लिहूं नको. घडलेलं लिही. कोण आलं, काय बोललं. त्यानं भाषा बसते." मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. दिवसभर आकडे आणि नळ्या. संध्याकाळी त्या वहीत लिहिताना वाटायचं, आपलं आयुष्य कुणीतरी लक्ष देऊन वाचतंय. ऱ्हस्व-दीर्घ सुधारून वही परत यायची, खाली लाल शाईत शेरा: 'प्रगति आहे. तपशील वाढव.'

मी तपशील वाढवले.

याच सुमाराला तिरुवैयारूच्या वाटेवरच्या गावांत मोजणीची माणसं दिसायला लागली. भातशेताच्या बांधावर लाल निशाणं रोवली गेली. एका कंपनीला जमिनीखालचा वायू काढायचा होता. आमची तिथे वडिलोपार्जित दीड एकर जमीन आहे, कुळाकडे कसायला दिलेली. पण वासू त्यात पडला तो जमिनीसाठी नाही. तो एका खाजगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. गावातल्या लोकांनी त्याला कंपनीचा अहवाल वाचून सांगायला बोलावलं, त्याने वाचला आणि घरी येऊन जेवला नाही. "अक्का, विहिरींचं पाणी जाईल," म्हणाला. "आणि यांना ते माहीत आहे. अहवालातच लिहिलंय, फक्त शेवटच्या पानावर."

मग बैठका सुरू झाल्या. वासू, तीन शेतकरी आणि चेल्लप्पन. चेल्लप्पनचं गावच्या फाट्यावर चहाचं दुकान होतं. चाळिशीचा, मोठ्या आवाजाचा, प्रत्येक वाक्यानंतर हसणारा माणूस. सुरुवातीच्या बैठका मामांच्या तिण्णैवर झाल्या, कारण अर्ज इंग्रजीत लिहायला मामा हवेत. मामांनी अर्ज लिहिले, फार सुंदर लिहिले. चेल्लप्पन त्यांच्या पाया पडायचा. "अय्या, तुमच्या पेनात आमचं गाव आहे," असं तो तमिळमध्ये म्हणायचा आणि मामा मान खाली घालायचे. मला तो विनय वाटायचा.

सरकारने जनसुनावणी जाहीर केली. मोठ्या साहेबांसमोर गावकऱ्यांनी आपलं म्हणणं मांडायचं, ते नोंदवलं जाणार, कायद्यानेच तसं ठरवलेलं. शेवटची बैठक चेल्लप्पनच्या दुकानामागे झाली. मामांचा गुडघा सुजला होता, ते गेले नाहीत. पाचच जण होते. ठरलं असं की सुनावणीच्या सकाळी नऊ गावांतल्या बायका पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळाजवळ जमतील, प्रत्येकीच्या हातात आपल्या विहिरीचं पाणी भरलेला तांब्या असेल, आणि सगळ्या मिळून चालत सुनावणीला जातील. पोलीस पुरुषांना अडवतील, बायकांना अडवताना विचार करतील, असा वासूचा हिशेब. आधी कळलं तर मात्र बायकांना गावातून निघूच देणार नाहीत, म्हणून कुणाला सांगायचं नाही.

वासूने घरी येऊन मला सांगितलं. मी त्याची अक्का, मला सांगणारच.

सुनावणीच्या दिवशी सकाळी सात वाजता मी इडलीचं भांडं उतरवत होते. चार पोलीस आले. वासूला शर्ट बदलू दिला, चपला घालू दिल्या, अगदी सभ्यपणे घेऊन गेले. कशासाठी, तर खबरदारी म्हणून. त्याच वेळी गावात चेल्लप्पनला आणि तिघा शेतकऱ्यांना उचललं. गावांच्या वाटांवर अडथळे लागले, बायका उंबऱ्यातच राहिल्या. एक विचित्र गोष्ट तेव्हा सगळ्यांनी बोलून दाखवली. पोलिसांची सर्वांत मोठी गाडी पुलाजवळच्या मुरुगनच्या देवळापाशी जाऊन उभी होती, जिथे कुणीच जमणार नव्हतं. वीस शिपाई रिकाम्या पुलावर दुपारपर्यंत उभे. लोक त्यावर हसलेसुद्धा.

सुनावणी झाली. रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली आणि 'कुणाचाही आक्षेप नाही' असं नोंदवलं गेलं.

वासू एकोणीस दिवसांनी सुटला. या काळात मी आमच्या आमदारांकडे तीनदा गेले. शेवटच्या वेळी त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी विचारलं. मोठे साहेब म्हणतात, आम्ही सांगितलं नाही. पोलीस म्हणतात, वरून आलं. वर म्हणजे कोण, ते मंत्र्यांनाही ठाऊक नाही. मला तर आता विचारायचीही भीती वाटते." निवडून आलेला माणूस हे मला सांगत होता. त्याच्या पाठीमागे भिंतीवर त्याचाच हार घातलेला फोटो होता.

कॉलेजने वासूला काढून टाकलं. कारण दिलं नाही.

आणि गावात प्रश्न सुरू झाला: सांगितलं कुणी? पाच जण होते. बैठक चेल्लप्पनच्याच दुकानामागे. चेल्लप्पन बाकीच्यांच्या आधी, चौथ्याच दिवशी सुटला होता. एवढं पुरलं. आधी लोकांनी त्याच्याकडचा चहा बंद केला. मग त्याच्या बायकोशी नळावर बोलणं बंद झालं. वासूने स्वतः त्याला विचारलं. मी तिथे होते. चेल्लप्पनने वासूकडे नुसतं पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो वाक्यानंतर हसला नाही. "सर, तुम्हीसुद्धा?" दोन महिन्यांत दुकान मोडून तो तिरुप्पूरला गेला, बनियनच्या कारखान्यात.

हे सगळं मी मामांना वहीत लिहून दिलं होतं. 'चेल्लप्पनने विश्वासघात केला असे सर्वजण म्हणतात.' मामांनी 'विश्वासघात'मधला माझा चुकलेला 'घ' सुधारला. खाली शेरा नव्हता.

वासू कॉलेजविरुद्ध कोर्टात गेला. खटला चार वर्षं रेंगाळला. चौथ्या वर्षी समोरच्या बाजूने कागदांचा गठ्ठा दाखल केला आणि त्याची प्रत आमच्या वकिलांना मिळाली. गठ्ठ्यात, बहुतेक कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे, टाइप केलेली तीन पानं होती. वर कुठल्या खात्याचं नाव नाही, खाली सही नाही. इंग्रजी फार सुंदर. वासूचं वय, सवयी, मित्र, तो घरी काय बोलतो, आईला कुठली औषधं आणून देतो. मग सुनावणीच्या दिवसाचा बेत, 'विश्वसनीय स्थानिक सूत्राकडून' समजलेला: नऊ गावं, बायका, तांबे. जमण्याचं ठिकाण, मुरुगनचं देऊळ, पुलाजवळ.

मी ते दोनदा वाचलं. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. सुनावणीआधीच्या बुधवारच्या पानावर माझ्याच गोलमटोल अक्षरात होतं: 'बायका मुरुगन कोविलाजवळ पुलावर जमणार आहेत.' वासूने पिल्लैयार सांगितलं होतं, मी मुरुगन ऐकलं होतं, आणि लिहून विसरूनही गेले होते. ही चूक जगात एकाच ठिकाणी होती, त्या वहीत. आणि ती वही एकाच माणसाने वाचली होती. 'कोविलाजवळ'मधला 'ळ' त्यांनी लाल शाईने गोल करून दिला होता.

तिसऱ्या पानावर शेवटी माझ्याविषयी एक ओळ होती. 'बहीण: अविवाहित, नोकरी करते, लिखाणाची आवड. निरुपद्रवी.'

मी वासूला लगेच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मामांकडे गेले. मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मामा एकटेच तिण्णैवर पेपर वाचत होते. मी काही न बोलता ती पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

"हें टाइप करणाऱ्यानं बिघडवलं," ते म्हणाले. "मीं इथें अर्धविराम दिला होता."

मग त्यांना कळलं आपण काय बोललो. पेन हातातच राहिलं. समोरून भाजीवाली ओरडत कोपऱ्यावर वळली.

"किती वर्षं, मामा?"

"नोकरीला लागलों त्याच्या तिसऱ्या वर्षापासून." आवाज नेहमीसारखाच शांत होता. "एक साहेब आले. म्हणाले, कचेरींत जें उतरवून घेतोस त्याची एक जास्तीची कार्बन कॉपी काढत जा. मीं काढली. मग म्हणाले, गावांतलंही ऐकून ठेव. रिटायर झालों, वाटलं संपलं. तर रत्नम यायला लागला."

रत्नमला आम्ही सगळे ओळखत होतो. दर गुरुवारी मोटरसायकलवरून येणारा, साधा शर्ट घातलेला, कापी पिऊन जाणारा माणूस. मामांच्या कचेरीतला जुना सहकारी, असं आम्ही समजत होतो. बुधवारी माझी वही, गुरुवारी रत्नम, शुक्रवारी वही परत. माझ्या डोळ्यांसमोर ते तीन वार एका ओळीत उभे राहिले.

"रत्नमच्या वर कोण आहे?"

"ठाऊक नाहीं. विचारलं नाहीं कधीं. मंत्री बदलले, पक्ष बदलले. रत्नमच्या आधीं दुसरा होता, त्याच्या आधीं तिसरा. गुरुवार बदलला नाहीं. आमदारावरही लिहिलंय मीं, दोघांवर. ते बिचारे पांच वर्षांचे पाहुणे." हे सांगताना त्यांच्या स्वरात जरासा गर्व होता. मला तो ऐकू आला.

"पैसे देत होते?"

"छे!" मामा दुखावले गेले. "मीं कधीं घेतले नाहींत. कुणाचं काम अडलं तर सांगायचों, तें होऊन जायचं. मीनाक्षीबाईचं पेन्शन कसं झालं तुला वाटतं?" मग पुढे झुकून, अगदी वर्गात समजावून द्यायचे तसे म्हणाले, "तुळजा, अम्ही मूठभर लोक. इथें राहायचं तर सरकारच्या जवळ असावं लागतं. आपल्या पूर्वजांनींही दरबारांत हेंच केलं. मीं वाईट कांहीं लिहिलं नाहीं. तुला बघ काय लिहिलं. निरुपद्रवी. त्या एका शब्दानं तुझी नोकरी राहिली."

"आणि चेल्लप्पन?"

"त्याचं नांव मीं दिलं नव्हतं."

"तुमचं नाव कुणी घेऊ नये म्हणून त्याला चार दिवसांत सोडलं. हे तुम्हाला कळलं नव्हतं, मामा?"

मामांचं मांडीवरचं बोट हलत होतं. माझं बोलणं उतरवत होतं. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. मी ती पानं त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि उठले. मागून त्यांनी विचारलं, "वासूला सांगणार कां?" त्या प्रश्नात भीती होती, आणि त्यांना भीती वाटू शकते हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

वासूला सांगितलं. सगळं, माझ्या वहीसकट. त्याने वही मिटून ठेवली. मग म्हणाला, "अक्का, तू चूक लिहिलीस म्हणून बरं. बरोबर लिहिलं असतंस तर आपल्याला कधी कळलंच नसतं." त्याने मला धीर द्यायला ते म्हटलं हे मला कळत होतं. पण त्यानंतर वर्षभर, मी खोलीत आले की तो फोनवरचं बोलणं थांबवायचा. मग स्वतःच लाजून पुन्हा सुरू करायचा.

आम्ही दोघं तिरुप्पूरला गेलो. चेल्लप्पन एका खोलीत राहत होता, कापसाच्या धुळीने खोकत होता. वासूने त्याच्या हातात ती तीन पानं दिली आणि वाचून समजावली. चेल्लप्पनला मामांवर विश्वास ठेवायला आमच्यापेक्षा जास्त वेळ लागला. म्हणजे, मामांनी हे केलं यावर. "अय्यांनी? नाही, सर. कुणीतरी त्यांच्या नावावर घातलं असेल." मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला. वासू त्याच्या पाया पडायला वाकला तेव्हा त्याने मागे सरून पाय दूर घेतले. "माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं मोडलं, सर," तो म्हणाला. "मी सांगितलं नव्हतं, हे तुम्ही गावात जाऊन सांगाल?" वासूने जाऊन सांगितलं. देवळापुढे उभं राहून, मामांचं नाव घेऊन. लोकांनी ऐकून घेतलं. चेल्लप्पन मात्र गावात परतला नाही. कंपनीच्या वायूच्या दोन विहिरी खोदून झाल्यावर निवडणुकीच्या तोंडावर ते कामच थांबलं आणि सगळ्या पक्षांनी एकमेकांना हार घातले. खटल्याचा निकाल अजून नाही. ती तीन पानं 'चुकून जोडली गेली' म्हणून कोर्टातून परत घेतली गेली. वासू आता कुंभकोणमला शिकवण्या घेतो.

गल्लीने मामांना वाळीत टाकलं नाही. काहींना ते खरं वाटलं नाही, आणि काहींना त्यानंतर मामांकडून काम करून घेणं जास्तच सोयीचं वाटलं. रत्नम यायचा बंद झाला, तेवढंच. मी मात्र त्या ओट्यावर पुन्हा चढले नाही. समोरासमोर घरं आहेत आमची. कोलम काढताना रोज दिसायचे. एकदा त्यांनी हात वर केला, मी रांगोळीचं पीठ सावकाश संपवलं आणि आत गेले.

गेल्या निवडणुकीत त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती. एवढ्या वयाच्या माणसांचं मत घरी येऊन घेतात. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, गल्लीत गाडी थांबली. दोन अधिकारी, एक शिपाई, एक व्हिडिओवाला. मामांना खुर्चीत बसवून तिण्णैवर आणलं होतं. फार वाळले होते. शर्टाला इस्त्री नव्हती. अधिकाऱ्यांनी त्यांच्यासमोर स्टुलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, मतपत्रिका दिली. शेजारची बाई कौतुकाने जवळ जाऊन उभी राहिली. मीनाक्षीबाईंची सूनही आली.

मामांनी पेन उचललं आणि थांबले. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"पाठ फिरवा," ते म्हणाले. आधी तमिळमध्ये, मग आमच्या भाषेत. आवाज क्षीण होता, पण तो जुना सरकारी कचेरीतला आवाज होता. "सगळ्यांनीं पाठ फिरवा. मतदान गुप्त असतं."

अधिकारी हसले आणि वळले. बायका वळल्या. व्हिडिओवाल्याने कॅमेरा खाली केला. एकटी मीच उरले, रस्त्यापलीकडे, खिडकीत. मामांची नजर वर आली आणि माझ्यावर थांबली. मी हलले नाही. त्यांनी डावा हात पसरून कागदावर आडवा धरला, शाळेतला मुलगा उत्तर झाकतो तसा, आणि त्या हाताआड खूप वेळ लावून आपली खूण केली.